गंगाराम तांबटाचा गेंडा

कंधार तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला आम्ही एकदा गाय काढायला सांगितली. अर्धा तास वेळ, कागद आणि पेन्सिल. पाहून नाही, आठवून काढायची. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी जनावरे होती. तरीही जमा झालेल्या कागदांवरच्या बहुतेक गायींना वशिंड नव्हते. गळ्याखालची पोळी नव्हती. कान आखूड आणि आडवे, अंगावर काळ्या रंगाचे मोठमोठे पट्टे. अशी गाय त्या गावात कोणाच्या गोठ्यात बांधलेली होती? आम्ही भिंतीकडे पाहिले. 'पाळीव प्राणी' या तक्त्यावर तीच गाय उभी होती. नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या कुरणांतली हॉल्स्टीन फ्रिजियन.

याच मुलांनी पोळ्याला केलेले मातीचे बैल खिडकीत ठेवलेले होते. त्यांतल्या प्रत्येकाला वशिंड होते, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत माती धरून वर ओढलेले. म्हणजे हातात माती घेतली की गोठ्यातला बैल येत होता आणि पेन्सिल घेतली की तक्त्यावरची गाय येत होती. मुलांना प्राणी माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. चित्र म्हणजे दुसऱ्या चित्रावरून काढायची गोष्ट, एवढेच त्यांना शिकवले गेले होते, आणि ते आपणच शिकवले होते.

विज्ञानाच्या पुस्तकातले वाक्य चूक असेल तर आपण ते खोडतो. चित्र चूक असेल तर मात्र सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक चित्र हेही एक विधान असते. 'या प्राण्याला खांद्यावर उंचवटा असतो', 'याच्या पायाला तीन बोटे असतात' अशी कितीतरी विधाने एका चित्रात एकदम केलेली असतात, आणि ती तपासून पाहता येतात. हे पटण्यासाठी आम्ही एका मराठी चित्रकाराची आणि त्याने काढलेल्या एका गेंड्याची गोष्ट सांगणार आहोत. पण तिची सुरुवात पुण्यात होत नाही. ती गोव्यात होते, आणि तीही पावणेतीनशे वर्षे आधी.

१५१४ साली गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे, मॅन्युएलकडे पाठवायचे ठरवले. १५१५ च्या जानेवारीत गेंडा गोव्याहून जहाजात चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा आला नव्हता. पोर्तुगीज त्याला 'गांडा' म्हणू लागले. आपला 'गेंडा'च तो, जहाजातून प्राण्याबरोबर गेलेला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला नजर केला. तो रोमकडे निघाला, आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. साखळदंडांनी बांधलेला गेंडा पोहू शकला नाही.

दरम्यान लिस्बनहून कोणीतरी एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत पाठवले होते. ते न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्युररच्या हाती पडले. ड्युरर त्या काळातला फार मोठा चित्रकार. त्याने गेंडा कधीही पाहिला नाही. पत्र आणि रेखाटन समोर ठेवून त्याने चित्र काढले आणि लाकडी ठशावरून ते छापले. युरोपात त्याच्या प्रती घरोघर गेल्या. हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिले असेल. गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे बसवल्यासारखे दिसतात, पत्र्यांच्या कडांना रिबिटा मारल्यासारखे टिपके आहेत, पायांवर खवले आहेत, आणि मानेमागे, खांद्यांच्या मधोमध एक छोटे पीळदार शिंग आहे. हे दुसरे शिंग कोणत्याही गेंड्याला नसते.

चित्र म्हणून ते अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण विधाने म्हणून तपासले तर काय दिसते? एकशिंगी गेंड्याच्या कातडीला खरोखरच खोल घड्या असतात, आणि खांद्यावर, मांड्यांवर टेंगळेही असतात. तेव्हा पत्रे आणि रिबिटा हवेतून आलेल्या नाहीत. ड्युररने चित्रावर जो मजकूर छापला त्यात या प्राण्याचा रंग कासवासारखा आणि अंगावर जाड कवच असे वर्णन आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने दिलेली ती उपमा होती. न पाहणाऱ्याच्या हातात ती उपमा वस्तू झाली. 'कवचासारखी कातडी' यातला 'सारखी' वाटेत गळून पडला आणि कवच उरले. आम्हाला वाटते, शिक्षकाने या चित्रात सर्वांत जास्त पाहण्यासारखे जर काही असेल तर ते हेच. 'डोळा कॅमेऱ्यासारखा असतो', 'हृदय पंपासारखे असते' ही वाक्ये आपण रोज बोलतो.

त्याच वर्षी, १५१५ मध्येच, आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर नावाच्या चित्रकारानेही त्याच गेंड्याचा ठसा काढला. त्यात खांद्यावरचे शिंग नाही, कातडी कातडीसारखी आहे, आणि पुढचे पाय दोराने बांधलेले आहेत. ते चित्र वस्तुस्थितीला कितीतरी जवळचे. पण ते फारसे कोणी पाहिले नाही. ड्युररचे मात्र पुन:पुन्हा छापले गेले. कोनराड गेस्नरच्या १५५१ पासून प्रसिद्ध झालेल्या प्राणिशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात तेच उतरवले गेले आणि तिथून पुढे दोनशे वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिले. पुस्तके लिहिणारे विद्वान होते, काढणारे कसबी होते, पण सगळे चित्रावरून चित्र काढत होते.

त्यांना हसण्यापूर्वी आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली पृथ्वीची कक्षा आठवावी. कागदावर ती तिरपी दाखवावी लागते, म्हणून लांबट अंड्यासारखी काढतात. वास्तविक ती जवळजवळ वर्तुळ आहे. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आपल्यापासून सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५ कोटी २० लाख. पण त्या चित्रामुळे लातूरच्या उन्हाळ्याचे कारण विचारले तर बारावीचा विद्यार्थीसुद्धा 'पृथ्वी सूर्याजवळ जाते' असे सांगतो. हे आपले खांद्यावरचे शिंग.

युरोपचा गेंडा सुधारला तो दुसरा जिवंत गेंडा सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरल्यावर. बंगालमधल्या एका डच अधिकाऱ्याच्या घरी वाढलेली एक गेंडीण १७४१ साली रॉटरडॅमला उतरली. तिचे नाव क्लारा. पुढची सतरा वर्षे तिचा मालक तिला गावोगाव दाखवत हिंडला. लायडनच्या आल्बिनस या शरीररचनाशास्त्रज्ञाच्या १७४७ च्या ग्रंथात मानवी सांगाड्याच्या मागे ही क्लारा शांतपणे उभी आहे. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी कुठे मिळाले तर ते चित्र जरूर पाहावे. पॅरिसमध्ये १७४९ साली उद्री या चित्रकाराने तिला प्रत्यक्ष मापाची रंगवली. क्लारा १७५८ साली लंडनमध्ये मेली. त्याच वर्षी लिनीअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्याला 'ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस' हे नाव मिळाले. एकशिंगी, एवढाच त्याचा अर्थ. खांद्यावरचे शिंग निदान नावातून तरी गेले.

आता पुणे. १७९० साल, सवाई माधवराव पेशव्यांचा काळ. पेशवे तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि त्यांना प्राण्यांचा मोठा नाद होता. पर्वतीजवळ त्यांचा शिकारखाना होता. शिकारखाना म्हणजे आजच्या भाषेत प्राणिसंग्रहालय. त्यात गेंडा होता. गेंड्याचे घर ब्रह्मपुत्रेच्या आणि तराईच्या दलदलीच्या गवतात. पुण्याला तो पाहुणाच. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून होता. त्याला इथल्या लेण्यांची, देवळांची, माणसांची आणि प्राण्यांची चित्रे करून घ्यायची हौस होती. त्याच्यासाठी काम करणारा पुण्याचा एक चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. मूळ आडनाव नवगिरे.

गंगारामाने काढलेले 'पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा' हे जलरंगातले चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. संग्रहातल्या नोंदीप्रमाणे ते नोव्हेंबर १७९० चे. मॅलेटने जमवलेल्या कागदांबरोबर ते इंग्लंडला गेले आणि पुढे तिथे पोचले.

या चित्राकडे कसे पाहायचे? कलेच्या इतिहासात गंगारामाचे नाव निघते ते बहुतेक वेळा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा मदतनीस म्हणून. वेल्सने पुण्यात चित्रशाळा चालवली, पेशव्यांची आणि नाना फडणविसांची चित्रे रंगवली, आणि गंगारामाने त्याच्याबरोबर काम केले. त्यामुळे गंगारामाला जे काही येत होते ते वेल्सने शिकवले, असे समजणे सोपे जाते. पण तारखा पाहाव्यात. वेल्स मुंबईत उतरला १७९१ च्या जुलैमध्ये. गेंडा त्याच्या आठ महिने आधीचा आहे. प्राणी समोर ठेवून पाहणे आणि पाहिले तेवढेच काढणे हे गंगारामाला वेल्स येण्यापूर्वीच येत होते. युरोपीय कागद, युरोपीय मालकाची मागणी आणि युरोपीय चित्रांचे नमुने हे सगळे त्याच्यापुढे असणार, ते आम्ही नाकारत नाही. पण नजर कोणी उसनी देत नाही.

हा गेंडा ड्युररच्या परंपरेतला नाही. त्याला खोटे शिंग नाही, चिलखत नाही. एखाद्या राजाच्या संपत्तीचे प्रदर्शन करायचे असते तर झूल, साखळ्यांची शोभा, माणसांची गर्दी काढता आली असती. इथे विषय प्राणी आहे. मॅलेटला काय हवे होते ते यावरून कळते, आणि गंगारामाला काय जमत होते तेही. गेंडा काढणे ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नव्हे. घोड्याच्या कातडीखाली स्नायू दिसतात आणि त्यांच्या आधाराने चित्रकार आकार उभा करतो. गेंड्याची कातडी स्नायू झाकून टाकते. घड्या कुठे सुरू होतात, कुठे संपतात, खांद्यावरची घडी पाठीवरून पलीकडे जाते की अर्ध्यावर विरते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. अंदाजाने काढणाऱ्याची चोरी तिथेच पकडली जाते.

'तांबट' या नावावरून एक विचार मनात येतो. तो पुरावा नव्हे, आमची कल्पना आहे, हे आधीच सांगतो. तांब्याचे भांडे ठोकून घडवणाऱ्या घरातल्या माणसाला सपाट पत्रा वाकवून फुगीर कसा होतो, घडी कुठे पडते, कड कुठे वळते हे हाताला ठाऊक असते. गेंड्याच्या अंगावर ड्युररला पत्रे दिसले, कारण त्याने गेंडा पाहिला नव्हता. ज्याच्या घराण्याचा धंदाच पत्र्याचा, त्याला मात्र तिथे कातडी दिसली.

आणि तांब्याचाच विषय निघाला आहे तर दायमाबाद विसरून चालणार नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली तांब्याच्या चार जड प्रतिमा सापडल्या. बैल जोडलेला रथ, रेडा, हत्ती आणि चाकांवर उभा केलेला गेंडा. त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी सामान्यत: त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या जातात. म्हणजे महाराष्ट्रात गेंडा घडवणारा पहिला तांबट गंगारामाच्या कितीतरी शतके आधी होऊन गेला. त्याने गेंडा कुठे पाहिला असेल, हा एक वेगळाच लेख होईल.

गंगारामाच्या गेंड्याला एक जोडीदारही आहे. १७९० मध्येच भारतातून एक गेंडा लंडनला पोचला आणि तिथे पैसे घेऊन लोकांना दाखवला जाऊ लागला. जॉन हंटर या प्रसिद्ध शल्यविशारदाने त्याचे चित्र जॉर्ज स्टब्जकडून काढून घेतले. स्टब्ज म्हणजे घोड्यांचा अतुलनीय चित्रकार. तरुणपणी त्याने लिंकनशायरमधल्या एका खेड्यात दीड वर्ष राहून घोड्यांची शवविच्छेदने केली होती, थर सोलत सोलत चित्रे काढली होती आणि १७६६ साली त्यांचा ग्रंथ छापला होता. त्याचा गेंडा आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहे. मोकळ्या जागेत एकटा उभा असलेला, घड्यांनी लोंबलेला, थोडा उदास वाटणारा प्राणी. म्हणजे एकाच सुमाराला, दोन टोकांना, एकमेकांचे नाव माहीत नसलेले दोघे जण एकाच जातीच्या प्राण्यापुढे उभे होते. दोघांनाही काम देणारे कुतूहलाने पछाडलेले ब्रिटिश होते. स्टब्जच्या मागे शरीरशास्त्र होते, तैलरंग होते, अर्ध्या शतकाचा सराव होता. कौशल्यात त्याची बरोबरी गंगाराम करत नाही, तसे म्हणणे अभिमानापोटी केलेली लबाडी ठरेल. पण विधानांच्या खरेपणात दोघे एका बाकावर बसतात.

फरक पडला तो पुढे. स्टब्जचे चित्र त्याच्या नावाने राहिले. गंगारामाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि मॅलेटने वेरूळवर लिहिलेला लेख कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आला तेव्हा त्यातली चित्रे या रेखाटनांच्या आधाराने झालेली होती. १७९५ मध्ये वेल्स मेला. त्याच्या वेरूळच्या चित्रांचा देखणा संच टॉमस डॅनिएलने १८०३ साली लंडनमध्ये काढला. त्याच्यावर वेल्सचे आणि डॅनिएलचे नाव आहे. मराठवाड्यातल्या ज्या लेण्यांकडे आपण सहली नेतो, त्यांच्याकडे युरोपचे लक्ष वळवण्यात एका पुणेकर कारागिराच्या पेन्सिलीचा वाटा आहे, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? अलीकडे, २०११ मध्ये येल केंद्रातच भरलेल्या प्रदर्शनात आणि त्यानंतरच्या संशोधनात त्याच्या चित्रांचा स्वतंत्रपणे विचार होऊ लागला आहे.

गंगारामानंतरच्या शतकात युरोपात प्राणिचित्र हा स्वतंत्र धंदा झाला. त्यातही बेल्जियम पुढे होते. एझेन फेरबूकहोफन (१७९८–१८८१) हा त्या धंद्यातला सर्वांत यशस्वी माणूस. ब्रसेल्सच्या या चित्रकाराच्या मेंढ्यांना इतकी मागणी होती की दुसऱ्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांत प्राणी भरून देण्याचे कामही त्याच्याकडे येई. त्याचा हात अचूक होता. मेंढीच्या लोकरीचा एकेक झुबका, कानाची आतली बाजू, डोळ्यातली चमक सगळे बिनचूक. आणि तरीही त्याच्या मेंढ्या पाहताना काहीतरी खटकते. त्या फार स्वच्छ आहेत. त्यांच्या पायाला चिखल नाही, लोकरीत काटेकुटे नाहीत, एखादी लंगडत नाही. दिवाणखान्यात लावायला गिऱ्हाइकाला जशी मेंढी हवी तशी ती आहे. प्रत्येक अवयव खरा आणि सगळी मेंढी मिळून खोटी, असे होऊ शकते, हे या चित्रकाराकडून शिकावे.

त्याचाच शिष्य आल्फ्रेड फेरवे (१८३८–१८९५). त्याने गुरूची सफाई सोडून दिली आणि फ्लँडर्सच्या किनाऱ्याकडच्या, समुद्र हटवून केलेल्या सखल गवताळ जमिनीवर जाऊन तिथली गुरे रंगवली. रंगाचे फटकारे जाड, केस न् केस दाखवण्याची धडपड नाही. पण ओल्या मातीत रुतलेले जड शरीर, वाऱ्याकडे केलेली पाठ, दमट हवेतली कातडीची चकाकी या गोष्टी त्याच्या चित्रांत येतात. त्या गायी तिथल्याच आहेत, दुसऱ्या कुठल्या गावच्या असू शकत नाहीत. आम्हाला निवड करायची वेळ आली तर आम्ही फेरवेकडे जाऊ. आमच्या शाळेतला तक्ता मात्र फेरबूकहोफनच्या घराण्यातला आहे, आणि त्यातलीही कितवी तरी नक्कल.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना स्वत:च्या नावाची गुरे आहेत. हे भाग्य सगळ्या जिल्ह्यांना नसते. लाल कंधारी कंधार, मुखेड, लोहा या पट्ट्यातली. सगळे अंग एकाच लाल रंगाचे, फिकट लालापासून जवळजवळ तपकिरीपर्यंत, वळूंचा रंग अधिक गडद, कपाळ रुंद, कान लांब आणि खाली पडलेले, डोळ्यांभोवती काळे वलय. देवणी लातूर जिल्ह्यातल्या देवणी-उदगीरकडची. कपाळ पुढे आलेले, कान मोठे आणि लोंबते. पशुपालकांनी रंगावरून तिचे तीन प्रकार पाडले आहेत. वानेरा म्हणजे अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बाळंक्या बहुतांशी पांढरा. शेवरा म्हणजे पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके. हे वर्गीकरण कोणा विद्यापीठात सुरू झालेले नाही. बाजारात जनावराच्या भोवती तीनदा फिरून, दात मोजून, खूर पाहून, हातात कासरा धरून बोलणाऱ्या लोकांनी ते केले आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार आणि पशुप्रदर्शन भरते. तिथे एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जनावराचे वर्णन करायला सांगावे. तो जे बोलतो ते प्राणिशास्त्राचे उत्तम प्रात्यक्षिक असते.

कोणी म्हणेल, आता गावोगाव संकरित गायी आल्या आहेत, हॉल्स्टीनचे रक्त गोठ्यात आले आहे, मग तक्ता चूक कसा? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी संकरित गाय आहे त्याने ती काढावी. तिचे वशिंड किती उतरले, पोळी किती आखडली, हे पाहायला मिळणे तर अनुवंशशास्त्राच्या धड्यासाठी सोन्यासारखे. आमची तक्रार हॉल्स्टीनविरुद्ध नाही. दारातली गाय न पाहता भिंतीवरची काढण्याविरुद्ध आहे. मोबाइलवर आज कोणत्याही प्राण्याचे छायाचित्र क्षणात मिळते, आणि त्यामुळे ही सवय कमी होण्याऐवजी वाढली आहे, असा आमचा अनुभव आहे. छायाचित्रात सगळे आधीच निवडलेले असते. कातडीची घडी कुठे संपते हा प्रश्न मुलाला पडतच नाही.

म्हणून त्या सातवीच्या वर्गाला आम्ही दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कागद दिले. या वेळी घरी जाऊन, जनावरासमोर बसून, ते चारा खात असताना काढायचे. एकाच बाजूने. दिसले नाही ते काढायचे नाही. मागचा पाय चाऱ्यामागे लपला असेल तर तो लपलेलाच ठेवायचा. मुलांना ही शेवटची अट फार जड गेली. चार पाय पुरे केल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

जे कागद आले ते पहिल्यांपेक्षा दिसायला वाईट होते. रेघा पुसून पुसून कागद काळे झाले होते, प्रमाण बिघडले होते, एका वळूचे डोके धडाच्या निम्मे होते. पण वशिंडे आली होती, पोळ्या आल्या होत्या, कान खाली उतरले होते. एका मुलाने डोळ्याभोवतीचे काळे वलय काढले होते. लाल कंधारीचे हे लक्षण त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. एका मुलीच्या बैलाचे डावे शिंग उजव्यापेक्षा आखूड होते. आम्ही विचारले, चुकले का? ती म्हणाली, "नाही सर, आमच्या सर्जाचं मोडलंय, औताला जुंपताना." मग तिनेच शिंगाच्या टोकाशी बाण काढून तसे लिहिले. कागदावर गावाचे आणि बैलाचे नाव होते. तारीख तेवढी राहिली होती, ती आम्ही तिला घालायला लावली.